नऊशे

परतवाड्याहून तीस ट्रे. एका ट्रेत तीस.
भरताना मोजायचं काम अंडीवाल्याच्या पोराचं,
उतरवताना फुटलेली मोजायचं माझं.

गाडी लिलावातली जिप्सी, वनखात्यानं टाकलेली.
दारावरचा वाघ मी खरवडून काढला,
तरी दुपारच्या उन्हात त्याची एक मिशी दिसते.

आश्रमशाळा नाल्याच्या पल्याड.
शेवटचे साडेतीन किलोमीटर कागदावर डांबर,
जमिनीवर धोंडे, बैलाच्या डोक्याएवढे.
तिथं उतरून पुढच्या चाकांचे हब फिरवायचे,
लहान दांडा ओढून लो टाकायचा,
पहिला गिअर, आणि क्लच सोडला की
दोन्ही पाय मोकळे.
मी तर चप्पलही काढून ठेवतो.
त्यानंतर गाडी चालते ती नुसत्या स्लोवर.
शिकलेले आयडलिंग म्हणतात. आमच्याकडे स्लोच.

फेब्रुवारीत तो बिघडला.
काटा नऊशेवरून पंधराशे, पंधराशेवरून सहाशे,
तापातलं लेकरू झोपेत श्वास घेतं तसा.
उतारावर मी काही केलं नाही, तरी गाडी
आपल्या मनानं पळायला लागली,
ब्रेक दाबला तर चाकं गोट्यांवरून घसरली.
नाल्यात उलटंच. काटा पडला,
दोन खडकांच्या मध्ये इंजिन गप्प.
पाणी तेवढं बोलत होतं,
आणि मागून, फळीच्या फटीतून,
थेंब थेंब पिवळं.

एक्काहत्तर.

शेवंताबाई कासदेकर कढईपाशी उभी राहून म्हणाली,
"काहून गा, अंडे आणून राह्यला का झोडपून?"

हबीब मिस्त्रीच्या तोंडात पान होतं, म्हणून तो बोलला नाही.
एक कान माझ्याकडे, एक बोनेटकडे.
मग अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह काढून तळहातावर ठेवला.
टोकाला काजळी, लग्नघरच्या कढईच्या बुडाला असते तेवढी.
पान थुंकून म्हणाला,
"तू पाय काढला, तरी तिथं कोनाचा तरी पाय लागतेच.
हा तो पाय.
चाक धोंड्यावर चढलं का इंजिनाले ओझं होते,
हा जराशी हवा जास्त सोडते, मरू देत नाही.
उतारावर तोंड मिटून घेते.
मंग इंजिनच धरते गाडीले, शेपटीले धरावं तसं."

पेट्रोल, जुना टूथब्रश, एक चिरलेली रबरी नळी बदलली.
आणि स्क्रू दाखवला.
माझ्या आधीच्या ड्रायव्हरनं तो पिळून ठेवला होता,
गाडी चढावर बंद पडू नये म्हणून.
त्यानं आपली भीती वर चढवून ठेवली,
ती मला उताराला ढकलत होती.

पुढच्या मंगळवारी मोह गळत होता.
फुलं वेचून निघालेल्या दोघी
टोपल्या डोक्यावर घेऊन मला मागे टाकून गेल्या,
वळणावर थांबून हसल्या.
मी पाय उचलून बसलेलो.
धोंड्यावर चाक चढताना काटा जरा वाकला,
साडेआठशे,
आणि आतून कुणीतरी हवा दिली.
परत नऊशे.
मागे नऊशे, समोर नऊशे,
मधे मी, बिनकामाचा.

हे सोपं नाही.
पायाला मदतीची खोड असते.
गाडी जरा कण्हली की तो आपसूक खाली जातो,
आणि तेवढ्यानंच ती उसळते.
अकरा वर्षं गाडी चालवतो आहे,
काही न करता बसायला
या वर्षी जमलं.

नाला पार झाला तेव्हा पाण्याचा आवाज
इंजिनापेक्षा मोठा होता.

शेवंताबाईनं ट्रे उतरवले, एकेक अंडं उजेडात धरलं.
"चार."
"चारच," मी म्हणालो, जरा ताठ होऊन.
ती काही हसली नाही.
"पोरायचं तर मोजून असते.
फुटलेल्याची भुर्जी आम्ही खातो.
पाच जणी आहोत आम्ही इथं."

बाहेर गाडी चालूच ठेवली होती.
पाचवं कुठल्या धोंड्यावर फोडावं,
याचा हिशेब परतीच्या वाटेवर
नाल्यापर्यंत स्लोवर.